उंदरांची खानेसुमारी

भूगोलाच्या तासाला टुंड्रा प्रदेश फार लवकर संपतो. आठ-नऊ महिने बर्फ, जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा उन्हाळा, जमिनीखाली कायमचा गोठलेला थर, वर शेवाळ, दगडफूल आणि गुडघ्याइतकी झुडपे, रेनडिअर, पांढरा कोल्हा. एवढे लिहिले की टीप पुरी होते आणि पाचांपैकी साडेतीन गुण पदरात पडतात. मीही ती टीप अशीच पाठ केली होती. पण एके दिवशी ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना एका जाड इंग्रजी ग्रंथात चार्ल्स एल्टन हे नाव भेटले आणि त्यांची कामगिरी वाचून मी थबकलो. हे गृहस्थ ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठात राहून उभा जन्म उंदीर मोजत होते!

हसू येणे साहजिक आहे. मलाही आले. पण आमचे गाव तळेगाव ढमढेरे, वेळ नदीच्या काठचे, आणि उंदरांशी आमचे वैर वडिलोपार्जित. एखाद्या साली ज्वारीची कणसे भरण्याआधीच ताटे कुरतडून आडवी पडलेली दिसतात, बांध बिळांनी चाळणीसारखा होतो, उसाच्या बुडख्याच्या कांड्या पोखरल्या जातात. आणि एखाद्या साली उंदीर गेले तरी कुठे, असा प्रश्न पडतो. शिरूर तालुक्यातला कोणताही शेतकरी हे सांगेल. ती साले नेमकी कोणती, असे मी आजोबांना विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ आठवून धाकट्या आत्याच्या लग्नाचे साल सांगितले, आणि आजीने ते जागच्या जागी खोडून काढले. त्यापलीकडे आमच्या घरात पुरावा नाही. उंदीर फार झाले हे साऱ्या गावाला ठाऊक असते. कोणत्या साली, किती, आणि मागच्या सालापेक्षा जास्त की कमी, हे मात्र कोणीच लिहून ठेवत नाही. एल्टन यांनी ते लिहून ठेवायचे ठरवले, आणि तेही आपल्या गावापासून हजारो मैल दूर, जिथे माणूसच विरळा अशा मुलखातले.

चार्ल्स सदरलंड एल्टन यांचा जन्म २९ मार्च १९०० रोजी मँचेस्टर येथे झाला. कला शाखेच्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट अशी की हे घर साहित्याचे. वडील ऑलिव्हर एल्टन हे लिव्हरपूल विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. इंग्रजी साहित्याच्या समालोचनाचे त्यांचे खंड प्रसिद्ध आहेत. आई मुलांसाठी गोष्टी लिहीत असे. या पुस्तकांच्या घरात निसर्गाकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याची गोडी धाकट्याला लावली ती थोरल्या भावाने, जेफ्रीने. हा भाऊ पुढे ऐन तारुण्यात वारला. आपल्यावरील त्याचे ऋण एल्टन यांनी कधी नाकारले नाही.

१९१९ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र शिकायला गेले. त्या काळी प्राणिशास्त्र म्हणजे मुख्यतः मेलेला प्राणी टेबलावर चिरून त्याची हाडे, आतडी, स्नायू तपासणे. जिवंत प्राणी आपल्या जागी काय करतो, काय खातो, त्याला कोण खाते, हा विषय हौशी लोकांचा समजला जाई. एल्टन यांना नेमका तोच हवा होता. सुदैवाने ज्युलियन हक्सले हे त्यांचे शिक्षक होते आणि त्यांनी या अबोल विद्यार्थ्यातले पाणी ओळखले. १९२१ साली ऑक्सफर्डची एक तुकडी स्पिट्सबर्गेनला निघाली तेव्हा हक्सले यांनी एकवीस वर्षांच्या एल्टनना मदतनीस म्हणून बरोबर घेतले.

स्पिट्सबर्गेन म्हणजे नॉर्वेच्याही पुष्कळ उत्तरेला, ७८ उत्तर अक्षांशाच्या आसपासचा बेटांचा पुंजका. या तुकडीत माणसेही तऱ्हेतऱ्हेची होती. १९०७ साली आपल्या हिमालयातील त्रिशूळ शिखर चढून गेलेले डॉक्टर लाँगस्टाफ होते. माणसांच्या लोकसंख्येवर ग्रंथ लिहीत असलेले कार-सॉन्डर्स होते. लोकसंख्या हा प्रश्न माणसांपुरता नाही, प्रत्येक प्राण्याच्या जातीला तो आहे, हा विचार एल्टन यांच्या मनात रुजायला कार-सॉन्डर्स यांची संगत कारणीभूत झाली असे मानतात.

टुंड्रा हा प्रदेश ओसाड असतो म्हणून आपण त्याची टीप पाच ओळींत संपवतो. एल्टन यांना हा ओसाडपणाच सोयीचा वाटला. सह्याद्रीच्या एखाद्या रानात कोण कोणाला खाते हे शोधू लागलो तर जन्म पुरणार नाही, जाती हजारो. बेअर आयलंड नावाच्या बेटावर मात्र जाती इतक्या थोड्या की सगळा व्यवहार एका कागदावर मांडता यावा. समरहेज या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी तो तसा मांडला आणि १९२३ साली छापला: शेवाळ आणि झाडे, त्यांवर जगणारे किडे, किड्यांवर जगणारी पाखरे, समुद्रातून येणारे अन्न, आणि सगळ्यांच्या शेवटी कोल्हा. आज शाळेच्या पुस्तकात बाणांनी जोडलेली अन्नसाखळीची आणि अन्नजाळ्याची जी आकृती असते तिची ही आजी म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की ज्या प्राण्यामुळे एल्टन यांचे नाव पुढे गाजले तो लेमिंग स्पिट्सबर्गेनवर नाहीच. तो त्यांना भेटला पुस्तकात.

१९२३ साली ते दुसऱ्यांदा आर्क्टिक मोहिमेवर गेले. परतताना उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो गावी एका पुस्तकांच्या दुकानात त्यांना कोलेट या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाचा नॉर्वेतील सस्तन प्राण्यांवरचा जाडजूड ग्रंथ दिसला. खिशात उरलेले पैसे थोडे. तरी त्यांनी तो घेतला. नॉर्वेजियन भाषा त्यांना येत नव्हती! घरी आल्यावर शब्दकोश मिळवून त्यांनी लेमिंगवरचा मजकूर शब्दाला शब्द लावीत उलगडला. इंग्रजीच्या तासाला शब्दकोश उघडायचा कंटाळा करणाऱ्या माझ्यासारख्याने या प्रसंगाकडे जरा निरखून पाहावे.

लेमिंग हा उंदराचाच भाऊबंद. वीतभरही नाही, शेपूट आखूड, अंगावर दाट केस. नॉर्वेतल्या जातीच्या अंगावर काळा-पिवळा रंग. थंडीत तो झोपी जात नाही. बर्फाच्या थराखाली, जमिनीला लागून जी बोटभर पोकळी राहते तिथे तो घरटी करतो, शेवाळ-गवत खातो आणि भर हिवाळ्यात पिलेही घालतो. एखाद्या साली वसंतात बर्फ वितळू लागते आणि डोंगरउतारावर जिकडेतिकडे लेमिंगच लेमिंग दिसतात. पुढच्या साली शोधून सापडत नाहीत. जुन्या काळी युरोपातील पंडितांनी लिहून ठेवले होते की हे प्राणी ढगांतून पावसाबरोबर पडतात. कोलेटने मात्र लेमिंग मातले ती साले नोंदवली होती. एल्टन यांनी ती ओळीने मांडली आणि त्यांच्या ध्यानात आले की ही साले वाटेल तशी येत नाहीत. तीन नाहीतर चार वर्षांनी लेमिंगचे साल येते, ओसरते, पुन्हा येते. पांढरे कोल्हे, हिमघुबडे यांची संख्याही त्यांच्या पाठोपाठ चढते आणि उतरते. १९२४ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, प्राण्यांच्या संख्येतील या भरती-ओहोटीवर त्यांनी मोठा निबंध प्रसिद्ध केला. निसर्गात सर्व काही तोलून-मापून असते, प्राण्यांची संख्या कायम राहते, ही त्या काळची गोड समजूत होती. आकड्यांपुढे ती टिकेना.

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी प्लेग आणि वन्य प्राण्यांची संख्या यांवर लिहिले. इथे मला आमच्या बाजूची आठवण झाली. मुंबईत १८९६ साली आणि पुण्यात १८९७ साली प्लेगने काय केले हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको; रँडसाहेब आणि चापेकर बंधू सर्वांना ठाऊक आहेत. पण खेड्यापाड्यांतून दुसरीच एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गावात उंदीर पडू लागले, म्हणजे आढ्यावरून, कोनाड्यातून मरून खाली येऊ लागले, की लोक घराला कुलूप लावून शेतात झोपड्या घालून राहायला जात. आजी हे आपल्या सासूकडून ऐकलेले सांगते. मुंबईत १९०५ पासून प्लेगच्या संशोधकांनी शहरातून रोज उंदीर पकडून परळच्या प्रयोगशाळेत तपासले, कोणत्या भागातला कोणता उंदीर याच्या नोंदी ठेवल्या, आणि उंदरांतली साथ आधी, माणसांतली मागून, हे आकड्यांनी दाखवून दिले. आमच्या पणजीला तेच आकड्यांवाचून कळलेले होते. फरक एवढाच की परळचे कागद उरले आणि पणजीचे ज्ञान तिच्याबरोबर बरेचसे गेले. एल्टन यांनी आशियातील रानउंदरांच्या आणि त्यांच्या जातभाईंच्या संख्येची चढउतार आणि प्लेगची साथ यांचे नाते तपासले ते अशाच कागदांवरून.

आता सर्वांत रंजक भाग. टुंड्रात माणसे नाहीत, मग नोंदी कोण ठेवणार? एल्टन यांनी असा विचार केला की ज्यांचे पोट त्या प्राण्यांवर चालते त्यांनी कुठेतरी हिशेब लिहिलेला असणारच. हडसन बे कंपनी ही १६७० साली स्थापन झालेली व्यापारी कंपनी. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनी जशी मसाला आणि कापडासाठी आली, तशी ही कॅनडात कातडी घेण्यासाठी गेली. कोल्हा, लिंक्स नावाचे रानमांजर, ससा, बीव्हर, जे मिळेल त्याची लोकरी कातडी. प्रत्येक ठाण्यावर किती कातडी आली याच्या वह्या लंडनला जात. आर्क्टिक मोहिमांतला एल्टन यांचा सोबती जॉर्ज बिनी पुढे या कंपनीत लागला, आणि एल्टन १९३१ पर्यंत काही वर्षे कंपनीचे प्राणिशास्त्रविषयक सल्लागार होते. कंपनीचा स्वार्थ उघड होता. पुढच्या साली कोल्हे किती मिळतील हे आधी कळले तर कोणत्या व्यापाऱ्याला नको आहे? एल्टन यांचा स्वार्थ त्या जुन्या वह्यांत होता.

पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून रियासतकार सरदेसाई त्यांतील निवडक कागद १९३० पासून छापू लागले. जवळपास त्याच काळात हा प्राणिशास्त्रज्ञ व्यापाऱ्यांच्या जमाखर्चातून लेमिंगचा इतिहास काढीत होता. दोघांची कामे एकाच जातीची आहेत असे मला वाटते, आणि आमच्या इतिहासाच्या सरांना ते पटेल. कारण वहीतला आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो. लंडनला ज्या साली कातडे विकले गेले त्या साली तो कोल्हा मेलेला नसतो. तो आदल्या हिवाळ्यात सापळ्यात सापडतो, उन्हाळ्यात माल ठाण्यावरून किनाऱ्याला येतो, मग जहाज, मग गोदाम, मग लिलाव. म्हणजे प्रत्येक आकडा मागे सरकवून त्याच्या खऱ्या सालात बसवायचा. भाव चढले की पारधी जास्त सापळे लावतो. रोगराई आली की लावतच नाही. कातड्यांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरील मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या नोंदींवरून त्यांनी १८३४ ते १९२५ या काळातील कोल्ह्यांचा हिशेब मांडला, आणि त्यात सरासरी चार वर्षांची भरती-ओहोटी दिसली. लेमिंग आणि त्यांच्यासारखे व्होल वाढले की कोल्हे वाढतात, लेमिंग संपले की कोल्हे भुकेने मरतात किंवा दूर निघून जातात. आणि कोल्हा गेला की त्याच्या कातड्यावर पीठ, चहा आणि बंदुकीची दारू घेणाऱ्या माणसांच्या घरी उपास पडतात. वीतभर उंदराचा हिशेब असा माणसाच्या चुलीपर्यंत येऊन पोचतो.

जुन्या वह्या संपल्या तेव्हा एल्टन यांनी नवी वही उघडली. १९३५ पासून कॅनडाच्या आर्क्टिक भागात त्यांच्या कचेरीचे छापील फॉर्म जाऊ लागले. कंपनीची ठाणी, पोलीस चौक्या, मिशनरी, जिथे कोणी लिहिता-वाचता माणूस असेल तिथे. फॉर्मवर विचारणा साधी: लेमिंग, कोल्हा, हिमघुबड हे मागच्या वर्षापेक्षा जास्त दिसले, कमी दिसले, की तेवढेच? त्या ठाण्यावरचा कारकून शास्त्रज्ञ नसे, पण वर्षभर तिथेच राहणाऱ्याला एवढे नक्की सांगता येई. ही चौकशी १९४९ पर्यंत, महायुद्धाच्या काळातही चालली. डेनिस चिटी आणि हेलन चिटी या दांपत्याने त्यात फार खस्ता खाल्ल्या.

मधल्या काळात त्यांचे नाव झाले होते. हक्सले यांच्या आग्रहावरून लिहिलेले ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ हे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. ते त्यांनी तीन महिन्यांच्या आत लिहून संपवले आणि ते आजही छापले जाते. खाणारे थोडे, खाल्ले जाणारे पुष्कळ, हा संख्येचा मनोरा त्यांनी त्यात मांडला. वाघ थोडे का आणि हरणे पुष्कळ का, याचे इतके सोपे उत्तर त्यापूर्वी कोणी दिले नव्हते. १९३२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये प्राणिसंख्येच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली, ब्यूरो ऑफ अ‍ॅनिमल पॉप्युलेशन. त्याच वर्षी प्राण्यांच्या परिसरशास्त्राचे नियतकालिक सुरू झाले. त्याचे संपादन त्यांनी १९५१ पर्यंत केले.

या ब्यूरोत उंदीर मोजण्याची कला सिद्ध झाली. ती थोडक्यात सांगतो, कारण मला तीच सर्वांत आवडली. पत्र्याची एक लहान बोगद्यासारखी नळी, तिच्यामागे डबी. डबीत गवत आणि दाणे. उंदीर आत गेला की दार पडते, पण तो मरत नाही. रात्रभर उबेत खातो आणि झोपतो. लाँगवर्थ या नावाने ओळखला जाणारा हा सापळा चिटी आणि केम्पसन यांनी याच ब्यूरोत तयार केला. सकाळी उंदराला खूण करून सोडून द्यायचे. समजा, पन्नास उंदरांना खूण केली आणि काही दिवसांनी पुन्हा सापळे लावले तेव्हा चाळीस सापडले, त्यांत दहा खुणेचे निघाले. म्हणजे चारांत एक खुणेचा; तर मग पन्नास हा सगळ्यांचा चौथा हिस्सा आणि त्या रानात उंदीर सुमारे दोनशे. गणित सातवीचे, पण रान न खणता रानातल्या उंदरांची खानेसुमारी होते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला अन्नधान्य बोटींनी येत होते आणि बोटी बुडत होत्या. तेव्हा सरकारने या मंडळींना उंदीर मोजण्याबरोबरच मारण्याच्याही कामाला लावले. त्यांनी आधी उंदीर पाहिला. अनोळखी वस्तूला तो काही दिवस तोंड लावत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी आधी चार-सहा दिवस नुसते बिनविषारी खाणे ठेवून पाहिले आणि मग त्याच जागी विष. आमच्याकडे कृषी खात्याचे लोक झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवण्यापूर्वी दोन-तीन दिवस साध्या पिठाच्या गोळ्या ठेवायला सांगतात, त्यामागे हाच विचार आहे. आजोबांना ही युक्ती म्हणजे उंदरांना दिलेली मेजवानी वाटते, तो भाग वेगळा.

लेमिंगची संख्या दर तीन-चार वर्षांनी का वाढते आणि का कोसळते? या प्रश्नाने एल्टन यांना आयुष्यभर चकवले, आणि त्यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. तरुणपणी त्यांना वाटले की सूर्यावरील डागांमुळे हवामान बदलते आणि हवामानामुळे प्राण्यांची संख्या. कल्पना आकर्षक होती आणि त्यांनी ती जोरात मांडली. पुढे लिंक्सच्या कातड्यांचे जवळजवळ दोन शतकांचे आकडे त्यांनी मेरी निकल्सन यांच्यासह लावले. लिंक्सचे चक्र सुमारे दहा वर्षांचे, सूर्यडागांचे सुमारे अकरा वर्षांचे. थोडी वर्षे पाहिली तर दोन्ही जोडीने चालतात. शतकभर पाहिली तर एक मागे पडते आणि भरतीच्या जागी ओहोटी येते. १९४२ मध्ये त्यांनी हे छापले आणि स्वतःचीच आवडती कल्पना सोडून दिली. मग त्यांची भिस्त रोगावर होती: संख्या वाढली की साथ येते आणि सगळे मरतात. वेल्समधील व्होल तपासताना एक प्रकारचा क्षय सापडलाही. त्या जंतूपासून पुढे माणसाच्या क्षयावरची लसही करून पाहण्यात आली. पण चिटी यांनी वर्षानुवर्षे मोजणी केल्यावर दिसले की साथ नसतानाही व्होल कोसळतातच. दुसरी कल्पनाही गेली. दोन्ही वेळा त्यांना खोटे पाडले ते त्यांच्याच संस्थेने जमवलेल्या आकड्यांनी. स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणारा पुरावा इतक्या निष्ठेने गोळा करणारी माणसे आपल्या ओळखीत किती असतात? त्याच १९४२ साली ‘व्होल्स, माइस अँड लेमिंग्ज’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ निघाला. त्यात शेवटचे उत्तर नाही. आजही शास्त्रज्ञ शिकारी प्राणी, अन्न आणि बर्फ यांची भांडणे लावीत बसले आहेत.

लेमिंग समुद्रात उड्या घालून आत्महत्या करतात, अशी एक दंतकथा आपणही ऐकलेली असते. संख्या मातली की ते नव्या जागेच्या शोधात निघतात, नदी-तळी पोहून जातात आणि काही बुडतात, एवढेच खरे. पण १९५८ च्या एका अमेरिकन चित्रपटात कड्यावरून उड्या घेणारे लेमिंग दाखवले होते. ते दृश्य मुद्दाम घडवलेले होते. परमुलखातून आणलेले प्राणी कड्यावरून ढकलले होते. बिचाऱ्यांची बदनामी मात्र जगभर झाली.

घरच्या आयुष्याविषयी थोडेच सांगता येईल. पहिला विवाह टिकला नाही. १९३७ मध्ये त्यांनी एडिथ जॉय स्कोव्हेल या कवयित्रीशी विवाह केला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. उतारवयात नवऱ्याबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात जाऊन किडे वेचणारी ही कवयित्री १९९९ पर्यंत जगली. एल्टन स्वतः लाजाळू. सभेपेक्षा रानात रमणारे. १९४५ पासून ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या रानात, कुजलेल्या ओंडक्यापासून झाडाच्या शेंड्यापर्यंत कोण कुठे राहतो, याची नोंद त्यांनी वीस वर्षे ठेवली. १९५८ मध्ये परमुलखातून येऊन माजणाऱ्या प्राणी-वनस्पतींवर त्यांनी पुस्तक लिहिले. पुण्याच्या आसपास पन्नाशीच्या दशकात प्रथम दिसलेले आणि आज आमच्या पडीत रानात माजलेले गाजर गवत पाहिले की त्या पुस्तकाचा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९६७ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठाने ब्यूरोही बंद केला. माणसे प्राणिशास्त्र विभागात सामावून घेतली गेली, पण पस्तीस वर्षे उभे असलेले घर मोडले. मानसन्मान पुष्कळ मिळाले. रॉयल सोसायटीचे सभासदत्व १९५३ मध्ये, डार्विन पदक १९७० मध्ये. ब्यूरो मोडल्याचे दुःख अशा पदकांनी भरून निघत असेल असे मला तरी वाटत नाही. १ मे १९९१ रोजी ऑक्सफर्ड येथे ते वारले. त्यांच्या वायथमच्या वह्या तिथेच जपून ठेवल्या आहेत.

ते गेले त्यानंतरची गोष्ट त्यांना पाहायला मिळाली नाही. दक्षिण नॉर्वेत फिन्से नावाच्या पठारावर १९९४ नंतर लेमिंगचे मोठे साल येईनासे झाले. ईशान्य ग्रीनलंडमध्येही २००० नंतर तेच दिसले. हिवाळे उबदार आणि ओले झाले. बर्फ मध्येच वितळून पुन्हा गोठते, जमिनीलगतची ती बोटभर पोकळी राहत नाही आणि लेमिंगचे हिवाळी घरच बुजते. हिमघुबडांनी तिथे घरटी करणे जवळजवळ सोडले. घड्याळ बंद पडले हे कळले, कारण ते पूर्वी चालत होते याची नोंद होती. कोलेटने साले लिहिली नसती, मिशनऱ्यांनी कातडी मोजली नसती, तर यंदा लेमिंग दिसले नाहीत एवढेच म्हणून लोक कामाला लागले असते.

गेल्या सुगीला मी आमच्या वरच्या बांधावर एक उद्योग केला. संध्याकाळी बांधावरची झाडून सगळी बिळे मातीने बुजवली आणि सकाळी जाऊन त्यांतली किती पुन्हा उकरली गेली ते मोजले. उकरलेले बीळ म्हणजे आत उंदीर नांदतो आहे. ही रीत कृषी खात्याच्या पत्रकातच आहे. आकडा वहीत लिहिला, वर तारीख घातली. आजोबा बांधावर उभे राहून सगळे पाहत होते. मागच्या सालापेक्षा जास्त की कमी, एवढेच त्यांनी विचारले. वहीत एकच ओळ होती, त्यामुळे मला काही सांगता आले नाही. येत्या सुगीला ते पुन्हा विचारणार आहेत.